बी.एस्सी.नंतर मानवी आनुवंशिकी : गणित सुटलेल्यांना जमतं का?

प्रश्न थोडक्यात असा. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-कुरखेडा भागातल्या एका गावची मुलगी आहे, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय वनस्पतिशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायनशास्त्र. चुलतभाऊ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण, म्हणजे एसएस : आई आणि बाप दोघांकडून सदोष 'एस' जनुक आलेला. शाळेतल्या तपासणीत ती स्वतः एएस निघाली, म्हणजे वाहक : एक जनुक निरोगी 'ए', एक 'एस'. आई-बाबांची आणि धाकट्या भावाची तपासणी झालेली नाही. तिला मानवी आनुवंशिकीत एम.एस्सी. करायची आहे, पण दहावीनंतर गणित सुटलं. घरचे म्हणतात बी.एड. कर. अभ्यास नेमका कसा असतो, कुठे करावा, आणि त्यावर पोट भरतं का, असं ती विचारते.

जमतं, पण गणिताला बगल देऊन नाही. रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या प्रयोगशाळेत माझं काम चालतं आणि एम.एस्सी.च्या मुलांना शिकवतेही, त्यामुळे कोण कुठे अडकतं ते रोज दिसतं. डीएनए काढणं, पीसीआर लावणं, जेल चालवणं याला हात लवकर बसतो. खरी अडचण शक्यता मांडताना येते. बी.एस्सी.त आपण मेंडेलचे वाटाणे आणि ३:१ पाठ करतो, चौकोन काढतो, गुण मिळतात. इथे समोर माणसांचं कुटुंब असतं. मुलं दोनच, आजोबा वारलेले, आत्याचा रिपोर्ट पुरात गेलेला. अशा अर्धवट माहितीतून जास्तीत जास्त खरं काय ते काढायचं, हा या विषयाचा गाभा.

तुझ्याच घराचं उदाहरण घेते. चुलतभाऊ एसएस, म्हणजे काका-काकू दोघांकडे एस जनुक आहे. बाबा हे काकांचे सख्खे भाऊ, म्हणून बाबा वाहक असण्याची शक्यता निम्मी धरू. (खरी थोडी जास्तच भरेल, कारण आपल्या भागात हे जनुक भरपूर आहे.) आई दुसऱ्या घरची. तिच्यासाठी समाजातलं प्रमाण घ्यायचं. विदर्भात ते समूहागणिक बदलतं, हिशेबापुरते शंभरात अठरा वाहक समज. तुझा रिपोर्ट माहीत नसता तर आई-बाबा दोघंही वाहक असण्याची शक्यता ०.५ × ०.१८, म्हणजे शंभरात नऊ.

पण तुझा रिपोर्ट माहीत आहे. तू एएस होण्याच्या तीन वाटा आहेत. फक्त बाबा वाहक असतील तर ०.५ × ०.८२ × ०.५ = ०.२०५. फक्त आई वाहक असेल तर ०.५ × ०.१८ × ०.५ = ०.०४५. दोघंही असतील तर ०.५ × ०.१८ × ०.५ = ०.०४५. बेरीज ०.२९५. त्यात शेवटच्या वाटेचा हिस्सा ०.०४५ भागिले ०.२९५, म्हणजे सुमारे ०.१५. नवाचे पंधरा झाले. धाकटा भाऊ एसएस असण्याची शक्यता त्याच्या पाव, शंभरात जवळजवळ चार.

यात अपूर्णांकांच्या गुणाकारापलीकडे काही नाही, ते तू सातवीत केलंस. 'मी एएस आहे' ही गोष्ट आई-बाबांबद्दलही काहीतरी सांगते, हे सुचणं मात्र अवघड. याला बेझचा सिद्धान्त म्हणतात. समुपदेशनापासून जीनोमच्या (माणसाच्या सगळ्या डीएनएच्या) अहवालापर्यंत तो सगळीकडे लागतो. हा हिशेब वहीवर स्वतः परत मांडून बघ. मांडताना मजा वाटली तर या विषयाला ये. डोकं भणभणलं तर एक आठवडा थांबून परत बघ. तरीही कंटाळाच आला तर बी.एड. वाईट नाही, खरंच.

आता आपल्याकडचं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य घे: "नात्यात लगन केलं ना जी, म्हणून पोराले सिकल झाला." मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या बऱ्याच समाजांत आहे, गोंड समाजात तर 'दूध लौटावा' म्हणून तिला मान आहे. शिबिरात भाषण करणारेही हेच सांगून मोकळे होतात. हे कितपत खरं? पदव्युत्तर वर्गात पहिल्या सत्रात हार्डी-वाईनबर्गचं सूत्र येतं. १९०८ सालचं हे सूत्र बी.एस्सी.तही असतं, पण तिथे ते फक्त लिहायचं असतं. इथे ते वापरायचं. सदोष जनुकाचं प्रमाण क्यू असेल तर एरवीच्या लग्नात मूल रुग्ण होण्याची शक्यता क्यूचा वर्ग. सख्ख्या मामे-आते भावंडांचं लग्न असेल तर त्यात पी × क्यू चा सोळावा हिस्सा मिळवायचा. (पी म्हणजे निरोगी जनुकाचं प्रमाण, एक वजा क्यू.)

एखादा दुर्मीळ आजार घे, क्यू ०.०१. एरवी धोका दहा हजारांत एक, नात्यातल्या लग्नात दहा हजारांत सात. सात पट! म्हणून दुर्मीळ आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात नात्यातली लग्नं उठून दिसतात. आता सिकलसेल घे, क्यू ०.१. एरवी शंभरात एक, नात्यात शंभरात दीड. जनुक मुळातच इतकं पसरलेलं आहे की नात्यामुळे फार फरक पडत नाही. मामाच्या मुलीऐवजी पलीकडच्या तालुक्यातली, पण त्याच समाजातली मुलगी केली आणि दोघांपैकी कुणीच तपासणी केली नाही, तर धोका दिडावरून एकावर येतो, एवढंच. उलट मामे-आते भावंडं दोघंही एए, म्हणजे दोन्ही जनुकं निरोगी, असतील तर सिकलसेलचा प्रश्नच नाही. 'आमच्यात नात्यात देत नाही' म्हणून निर्धास्त बसणारी घरं मला जास्त काळजीची वाटतात. असा हिशेब करून शिबिरातलं भाषण दुरुस्त करणारी माणसं हवी आहेत.

गणिताबद्दल इतकं पुरे. दुसरी गोष्ट रिपोर्ट वाचण्याची, आणि ती पुस्तकातून येत नाही.

गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला आणि मागची ओळ दिसेनाशी झाली की पॉझिटिव्ह. ती एवढंच सांगते की एस हिमोग्लोबिन आहे. एएस की एसएस ते सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं एफ हिमोग्लोबिन इतकं असतं की ही चाचणी फसवी ठरते. पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावीच लागते. एएसमध्ये ए जास्त आणि एस साधारण तीस-चाळीस टक्के. एसएसमध्ये ए नाहीच, एस सत्तर-नव्वद टक्के, बाकी बहुतेक एफ. इतपत सगळ्यांना येतं. पण मुलाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर त्याच्या रिपोर्टात दात्याचं ए दिसतं आणि एसएसचं मूल कागदावर भलतंच दिसू लागतं. आईला हे न विचारता रिपोर्ट वाचणारे पाहिले की मला राग येतो.

याहून नाजूक प्रसंग वेगळाच. मूल एसएससारखं दिसतंय, ए शून्य. आई एएस. बापाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह. घरात कुजबुज सुरू होते, सासू बोलायला लागते, बाप खाली मान घालून बसतो. एसएस व्हायला दोन्हीकडून एस लागतो हे आता गावातल्या पोरांनाही माहीत आहे, त्यामुळे अर्धवट ज्ञान थेट बाईच्या चारित्र्यावर जातं. अशा वेळी बापाचं पूर्ण रक्तचित्र बघायचं आणि ए-टू हा हिमोग्लोबिनचा प्रकार किती टक्के ते मोजायचं. लाल पेशी लहान आणि ए-टू वाढलेलं, चारच्या पुढे, असेल तर तो बीटा थॅलसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक आहे. मूल एसएस नसून एस-बीटा थॅलसेमियाचं आहे, एक जनुक आईचं, दुसरं बापाचंच. सोल्युबिलिटी चाचणीला थॅलसेमिया कळत नाही, ती त्यासाठी बनलेलीच नाही. मुलाच्या रिपोर्टातही खूण असते: लाल पेशी लहान, ए-टू चढं. ती खूण ओळखून, नातेवाइकांना बाहेर बसवून, नवरा-बायकोला समोर घेऊन नीट सांगता आलं तर एक संसार वाचतो. याला एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात एखादं व्याख्यान मिळतं. मी त्यावर अख्खा आठवडा घालवते आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून बोलणीही खाते.

आता अभ्यासक्रमात काय असतं ते. गुणसूत्रं आणि त्यांचे दोष, रेण्वीय आनुवंशिकी, लोकसंख्येची आनुवंशिकी, कर्करोग, रोगप्रतिकारशास्त्र, जैवसांख्यिकी, बायोइन्फर्मॅटिक्स, शेवटच्या सत्रात प्रबंध. गुणसूत्रं जुळवायला डोळा आणि चिकाटी लागते. संगणकाची भीती आत्तापासून घालव. 'आर' ही सांख्यिकीची भाषा फुकट उतरवता येते आणि साध्या लॅपटॉपवर चालते.

सगळ्यात वजनदार भाग प्रबंधाचा, आणि तिथे तुझा जिल्हा तुझ्या कामी येईल. सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा-ग्लोबिन जनुकाचं एकच अक्षर बदलतं, आणि सगळ्या रुग्णांत तेच अक्षर. तरी एक मूल महिन्याला दवाखान्यात आणि दुसरं धान रोवायला शेतात, असं का? भारतातला एस ज्या जनुकगटासोबत येतो त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात एफ हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून इथला आजार सौम्य, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी ज्या मुलांचा पाठपुरावा केला त्यांत आजार तितका सौम्य दिसला नाही. मग फरक कशाने पडतो? सोबत अल्फा थॅलसेमिया असल्याने? बीसीएल-११-ए जनुकाच्या भेदांमुळे? की मलेरिया, कुपोषण, दवाखाना दूर असणं यांमुळेच? तुझ्या तालुक्यात याचं खरं उत्तर अजून कुणाकडे नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरहून १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. तरीही इथले प्रश्न इथल्या मुलांनी मांडलेले कमीच.

त्या बीसीएल-११-ए ची गंमत अशी. हे जनुक एफला दाबून ठेवतं, हे २००७-०८ च्या सुमारास हजारो लोकांच्या जीनोमची तुलना करून उघड झालं. २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेत क्रिस्परचा (डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राचा) जो पहिला उपचार मंजूर झाला तो याच जनुकाच्या एका स्विचवर घाव घालतो. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. आपल्या लोकांच्या हाती आज आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नियमित मिळाली तरी खूप. दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोम संशोधन संस्थेत स्वस्त देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे, त्याच्या बातम्या वाचत राहा.

कुठे शिकावं? पाटीवर 'मानवी आनुवंशिकी' लिहिलेली एम.एस्सी. मोजक्याच ठिकाणी आहे: अमृतसरचं गुरुनानक देव विद्यापीठ, विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ, भटिंड्याचं पंजाब केंद्रीय विद्यापीठ, चेन्नईचं श्री रामचंद्र. बनारस हिंदू विद्यापीठात रेण्वीय आणि मानवी आनुवंशिकी आहे. प्रवेश परीक्षा दोन : केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी. पण पाटीला फार भुलू नको. नागपूर-अमरावतीत प्राणीशास्त्र किंवा बायोटेक्नॉलॉजी करून, प्रबंधासाठी चांगल्या प्रयोगशाळेत जाऊन पुढे गेलेली मुलं आहेत. प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन गोष्टी विचार: प्रबंधात खरे रुग्णनमुने हाताळायला मिळतात की शेवटी इंटरनेटवरून माहिती जोडून देतात, आणि सांख्यिकी कोण शिकवतं. उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं ठिकाण बघ. खाजगी संस्थांची फी भरण्यासाठी शेत गहाण टाकू नको, हे मी स्पष्टच सांगते.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी लांब जायची गरजही नाही. आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र चंद्रपूरला आहे. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. अर्ज साधा लिही: मी कोण, काय येतं, किती दिवस येऊ शकते. अर्धं पान पुरे.

पैशाचं बोलायचं तर एम.एस्सी. करताकरता सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेची तयारी कर. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली की पीएच.डी.साठी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या वेगळ्या परीक्षा आहेत. राज्यात टीआरटीआय, बार्टी, महाज्योती, सारथी या सरकारी संस्था आपापल्या प्रवर्गातल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जात वैधता प्रमाणपत्र काढलं नसेल तर आजच अर्ज टाक. हुशारी असून या एका कागदापायी वर्ष गेलेली पोरं आपल्या भागात किती आहेत, ते तुलाही माहीत असेल.

नोकरीबद्दल गोड बोलत नाही. एम.एस्सी. झाल्याने तू डॉक्टर होत नाहीस, उपचार ठरवण्याचा अधिकार नसतो. शहरातल्या निदान कंपन्या जीनोममधले बदल तपासायला मुलं घेतात. काम संगणकावरचं असतं. सापडलेला बदल रोगकारक, निरुपद्रवी की 'अर्थ अनिश्चित' हे पुरावे तोलून ठरवायचं. यात आपल्या लोकांवर अन्याय होतो, कारण जगभरच्या माहितीसाठ्यात गोंड, माडिया, कोलाम अशा समाजांचे नमुने जेमतेम, त्यामुळे इथला साधा भेदही 'अनिश्चित'च्या खान्यात पडतो. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली केली, त्याने थोडा फरक पडेल. दुसरी वाट समुपदेशनाची. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ हे उद्दिष्ट, सतरा राज्यांत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. चाचण्या होतात, कार्डं वाटली जातात. कार्डाचा अर्थ घरात बसून समजावणारे थोडे, आणि त्यांच्या जागा बहुधा कंत्राटी. पोट भरतं, पण पहिली काही वर्षं बी.एड.वाल्या मैत्रिणीपेक्षा खिसा हलका राहील. घरच्यांना हे आधीच सांगून ठेव.

क्षेत्रावर गेलीस तर नमुने गोळा करणं वाटतं तितकं सोपं नाही. जांभळ्या झाकणाची नळी, बर्फाची पेटी, वीज गेली तर काय, हे सगळं आलंच. पण मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत किंवा धान कापणीत शिबिर लावलं तर गावात म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतात. रक्त घेतलं तर रिपोर्ट परत पोहोचलाच पाहिजे. मागे कुणीतरी रक्त नेलं आणि फिरकलं नाही, ही तक्रार मी अनेक गावांत ऐकली आहे. संमतीपत्रावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. ज्या बोलीत माणूस भांडतो त्या बोलीत समजावलं आणि त्याने दोन प्रश्न विचारले, तरच त्याला कळलं असं मी धरते. माडिया किंवा गोंडी येत असेल तर अर्जात ठळक लिही, अनेक प्राध्यापकांकडे नसलेली विद्या ती आहे. गर्भजल तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलंस तर गुणसूत्रांवरून लिंग तुला दिसेल, पण ते रिपोर्टात लिहायचं नसतं आणि तोंडानेही सांगायचं नसतं. १९९४ चा कायदा आहे, आणि शिक्षा तुरुंगाची.

तू एएस आहेस म्हणून वेगळं लिहिते. एएस म्हणजे आजार नाही. वसतिगृहात, मुलाखतीत ते सांगायचं की नाही हा तुझा प्रश्न, कुणी विचारलंच तर उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. मुलाखतीत 'हा विषय का?' विचारतील तेव्हा घरातल्या दुःखाची गोष्ट सांगून थांबू नको, वर केलेला बेझचा हिशेब फळ्यावर मांडून दाखव. लग्नाच्या वेळी वाहकाचं पिवळं कार्ड लपवू नको. होणाऱ्या नवऱ्याची एचपीएलसी माग, नुसती सोल्युबिलिटी नको, कारण तो थॅलसेमियाचा वाहक असेल तर तिच्यात दिसणार नाही. दोघंही वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात गर्भाची तपासणी होते, ती कुठे होते हे आधी माहीत असावं लागतं.

आणि एम.एस्सी.चे अर्ज भरण्याआधी एक काम उरक. आई, बाबा आणि धाकटा भाऊ तिघांना घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जा. भावाचे सांधे दुखतात का, डोळे पिवळे होतात का, तिथल्या डॉक्टरांना सांग. तिघांचीही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी माग, ए-टूच्या आकड्यासकट. नंतर मोठ्या कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढ: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वाहकाला अर्धा रंग, रुग्णाला पूर्ण, वारलेल्यावर तिरपी रेघ. आजीकडून आईच्या माहेरची माणसंही विचारून घे, लहानपणीच गेलेली लेकरं धरून. तो कागद आणि तिघांचे रिपोर्ट हाती आले की परत लिही, पुढचा हिशेब त्यावरून करू.